नाण्यावरचा वाद पुरे, तिजोरीबद्दल बोला

क्रिप्टोचा, म्हणजे बिटकॉईनसारख्या डिजिटल नाण्यांचा, विषय निघाला की आपल्याकडे दोन बाकं मांडली जातात. एका बाकावर 'डिजिटल सोनं' म्हणणारे बसतात, दुसऱ्यावर 'डिजिटल मटका' म्हणणारे. भाव चढले की पहिल्यांचा आवाज चढतो, कोसळले की दुसऱ्यांचा. गेली दहा-बारा वर्षं ही जुगलबंदी चालू आहे आणि एका मुद्द्यावर दोन्ही बाकांची मूक सहमती आहे: बिटकॉईन म्हणजे नेमकं काय ते आधी ठरू दे, कायद्याचं मग बघू. मला हे मुळातच उलटं वाटतं. नाणं खरं की खोटं याचा निकाल लागेपर्यंत कायद्याने थांबायचं काहीच कारण नाही. ज्या कंपन्या लोकांचे पैसे आणि लोकांची नाणी स्वतःच्या ताब्यात घेऊन बसतात, त्यांना शेअर दलालाला आणि लोकांचे शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीला लागतात तसे नियम आजच लागले पाहिजेत, मग त्यांच्या तिजोरीतल्या वस्तूबद्दल आपलं मत काहीही असो. ते न करता नुसता कर गोळा करत राहायचं, हा आपण सध्या पत्करलेला मार्ग बंदीपेक्षा वाईट आहे आणि पूर्ण मोकळीक देण्यापेक्षाही वाईट आहे.

ही तिजोरी मुळात आली कुठून? कारण ब्लॉकचेनचा, म्हणजे बिटकॉईनमागच्या तंत्रज्ञानाचा, दावाच असा होता की तिजोरी आणि तिजोरीवाला, दोघांचीही गरज संपली. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोटो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी टिपणात बँकेशिवाय पैसे पाठवण्याची युक्ती होती. व्यवहारांची वही एका संस्थेकडे न ठेवता हजारो संगणकांवर ठेवायची. दर दहा मिनिटांच्या आसपास नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा वहीला जोडायचा आणि प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा घालायचा, म्हणजे मागची एक नोंद बदलायची तर पुढच्या सगळ्या बदलाव्या लागतात. गठ्ठा जोडण्याचा मान कुणाला, हे प्रचंड आकडेमोडीच्या शर्यतीने ठरतं आणि जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, हेही नियमातच लिहिलेलं. रचना सुंदर आहे, याबद्दल टीकाकारांनीही कंजुषी करू नये. पण या वहीत माणसाचं नाव नसतं, असते फक्त किल्ली. किल्ली ज्याच्याकडे, नाणी त्याची. ती हरवली तर नाणी गेली आणि चोरली गेली तर चोराची झाली. अर्ज कुणाकडे करायचा, हा प्रश्न या रचनेत बसतच नाही.

आता आपल्याकडचा नेहमीचा क्रिप्टो गुंतवणूकदार डोळ्यांसमोर आणा. त्याने ॲप उतरवलं, पॅन आणि आधार देऊन केवायसी केलं, बँकेतून पैसे भरले आणि पाच हजारांचं बिटकॉईन घेतलं. त्याला वाटतं आपण ब्लॉकचेनवर आहोत. प्रत्यक्षात त्याच्या नावाची नोंद आहे ती फक्त कंपनीच्या सर्व्हरवर. ॲपमधल्या बहुतेक खरेदी-विक्रीला ब्लॉकचेनचा स्पर्शही होत नाही, एका ग्राहकाच्या रकान्यातला आकडा कमी होऊन दुसऱ्याच्या रकान्यात वाढतो, इतकंच. किल्ली कंपनीकडे. म्हणजे 'कुणावरही विश्वास ठेवायची गरज नाही' अशी जाहिरात असलेल्या तंत्रज्ञानात आपल्या बहुसंख्य लोकांनी एका खासगी कंपनीवर बँकेवर ठेवला नसता इतका विश्वास टाकला आहे. बँक बुडाली तर निदान पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा असतो. पीएमसी बँकेच्या ठेवीदारांनी काय भोगलं ते मुंबई-ठाण्याने पाहिलं आहे, पण त्यांच्या पाठीशी रिझर्व्ह बँक नावाची एक इमारत होती, जिच्या दारात जाऊन घोषणा तरी देता येत होत्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात दोन दरोडे पडले. ३१ मे रोजी जपानमधल्या डीएमएम बिटकॉईन या एक्स्चेंजमधून, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीतून, ४,५०२ हून अधिक बिटकॉईन गेले, किंमत सुमारे ४,८२० कोटी येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने ३० कोटी डॉलरच्या वर. १८ जुलैला आपल्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून, म्हणजे नाण्यांच्या किल्ल्या ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, जवळपास २३ कोटी डॉलरची नाणी गेली, ग्राहकांच्या एकूण मालमत्तेच्या ४५ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही चोऱ्यांचा ठपका पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला. चोर एकाच जातकुळीचे, उलट जपानमधली चोरी मोठी. आणि निकाल? डीएमएमने समूहातल्या कंपन्यांच्या आधाराने ५,५०० कोटी येन उभे केले, ग्राहकांची नाणी पूर्ण भरून देण्याची हमी दिली, आणि पुढे धंदा बंद करताना खाती दुसऱ्या नोंदणीकृत कंपनीकडे सोपवली. वझीरएक्सच्या ग्राहकांची नाणी वर्षभराहून जास्त काळ अडकली. कंपनी आणि वॉलेट पुरवणारी कंपनी एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. मूळ मालकी कुणाची, याचा वाद बायनान्स या परदेशी एक्स्चेंजबरोबर २०२२ पासूनच चालू होता. शेवटी पुनर्रचनेचा अर्ज गेला तो सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण पालक कंपनी तिथली. नागपूर-नाशिकच्या माणसाने मुंबईत सुरू झालेल्या ॲपवर रुपयांत पैसे भरले आणि त्याचं काय होणार ते सिंगापुरात ठरलं. यात बिटकॉईनला मूळ मूल्य आहे की नाही, या चर्चेचा संबंध कुठे आला?

जपान काही जन्मतः शहाणा नव्हता. २०१४ च्या फेब्रुवारीत टोकियोतलं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हा साडेआठ लाख बिटकॉईन गायब असल्याचं जाहीर झालं (त्यातले दोन लाख नंतर सापडले). जपानी संसदेने त्यावर क्रिप्टो चांगलं की वाईट याचा परिसंवाद भरवला नाही. २०१६ मध्ये कायदा बदलून एप्रिल २०१७ पासून एक्स्चेंजना नोंदणी आणि ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवणं सक्तीचं केलं. जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या एक्स्चेंजवर दरोडा पडला आणि कायद्याला भोकं असल्याचं दिसलं. मग आणखी आवळलं: ग्राहकांची बहुतांश नाणी इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवायची, आणि जेवढी जोडलेल्या वॉलेटमध्ये राहतील तेवढी स्वतःची नाणी बाजूला काढायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज कोसळलं तेव्हा जगभरच्या ग्राहकांना पैशाचं तोंड दिसायला २०२५ उजाडलं. जपानी उपकंपनीच्या ग्राहकांसाठी खाती फेब्रुवारी २०२३ मध्येच उघडली, कारण त्यांची मालमत्ता वेगळी ठेवलेली होती. या कायद्याने चोऱ्या थांबल्या नाहीत, हे डीएमएमने दाखवलंच. पण चोरीनंतर ग्राहकाच्या वाट्याला काय येतं ते त्याने बदललं, आणि कायद्याकडून मी एवढीच अपेक्षा करतो.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. ती बाजू दुबळी अजिबात नाही, कारण तिचं नाव रिझर्व्ह बँक आहे. २४ डिसेंबर २०१३ ला तिने लोकांना पहिला इशारा दिला. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या धंद्यापासून तोडलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. तुमच्या नियमनाखालच्या बँकांचं यामुळे काही नुकसान झालं असेल तर दाखवा, असा न्यायालयाचा रोख होता आणि दाखवण्यासारखं काही समोर आलं नाही. तरी बँकेची भूमिका बदलली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले की या नाण्यांच्या मुळाशी काहीही नाही, ट्यूलिपचं फूलसुद्धा नाही. डेप्युटी गव्हर्नर टी. रबी शंकर यांनी त्यांना पॉन्झी, म्हणजे नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या, योजनांच्या पंक्तीला बसवलं, किंबहुना त्याहून वाईट म्हटलं. त्यांचा खरा मुद्दा पुढचा आहे: नियमन म्हणजे शिक्का. सरकारने नियम केले की सामान्य माणूस म्हणणार, सरकारी मान्यता आहे, घाला पैसे. मग बँका शिरतील, उद्या पडझड झाली की तिची झळ ठेवीदाराला लागेल. त्यापेक्षा या धंद्याला ओसरीवरच ठेवा.

यातला निम्मा भाग मला मान्य आहे. बँकांनी या नाण्यांवर कर्जं देऊ नयेत, स्वतःच्या पुस्तकात ती ठेवू नयेत, ही भिंत पक्कीच हवी. पण शिक्क्याची भीती? दारूच्या दुकानाला परवाना लागतो म्हणून दारू प्रकृतीला बरी, असा अर्थ आजवर कुणी काढलेला नाही. शिवाय शिक्का कधीच बसून गेला आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. अर्थमंत्री राज्यसभेत म्हणाल्या की वैध-अवैध हा वेगळा प्रश्न, कर लावणं हा सरकारचा सार्वभौम हक्क. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. पण विवरणपत्रात ज्याच्यासाठी स्वतंत्र रकाना आहे ती गोष्ट सरकारला मान्य नाही, हे कोणत्या करदात्याला पटेल? मार्च २०२३ मध्ये हा धंदा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आला आणि एक्स्चेंजना वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी सक्तीची झाली. आज 'एफआययू नोंदणीकृत' हे शब्द एक्स्चेंजच्या जाहिरातीत मिरवतात. त्या नोंदणीचा अर्थ इतकाच की संशयास्पद व्यवहार सरकारला कळवले जातील. तुमची नाणी तिजोरीत आहेत की नाहीत, हे ती नोंदणी तपासत नाही. म्हणजे शिक्का बसला, आणि तोही कुठल्याच संरक्षणाशिवाय. रिझर्व्ह बँकेला जी दिशाभूल टाळायची होती ती घडून गेली आहे.

करातही एक खोच आहे. शेअर बाजारात इंट्राडे करणाऱ्या सटोडियालासुद्धा आपला तोटा पुढे चार वर्षं ओढता येतो आणि तसल्याच नफ्यातून वजा करता येतो. क्रिप्टोत एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातूनही वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही जात नाही. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के, इथेही ३० टक्के. सरकारला लोकांना यापासून परावृत्त करायचं होतं असं धरलं, तरी झालं काय? माणसं थांबली नाहीत, परदेशी ॲपवर गेली. तिथे टीडीएस नव्हता, आणि भारतीय यंत्रणेची नजरही नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या, जानेवारीत त्यांची ॲप भारतातून हटली, मग बायनान्सने नोंदणी केली आणि जून २०२४ मध्ये तिला १८.८२ कोटींचा दंड झाला. 'जागतिक जाळं आहे हो, एका देशाने काय करायचं?' असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. ब्लॉकचेनला देश नसतो, पण कंपनीला भारतीय ग्राहक हवे असतात, रुपयांचा रस्ता लागतो, ॲप स्टोअरमध्ये जागा लागते. तिथे सरकारचा हात पोचतो. फक्त तो आजवर केवायसी आणि करासाठीच पोचला आहे.

'मुळाशी काही नाही' या युक्तिवादाबद्दल एक मुंबईची गोष्ट. १८६४-६५ मध्ये अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली ती प्रसिद्ध शेअरची लाट. बॅक बे बुजवायला निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर दहापटीच्या वर गेला. त्याच्या मुळाशी काही नव्हतं असं म्हणता येणार नाही: समुद्र होता, जमीन निघणार होती, पुढे निघालीही. तरीही १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि १ जुलैच्या वायद्यांच्या दिवशी अर्धी मुंबई दिवाळखोर ठरली. लाटेवर मुक्तहस्ते कर्जं वाटलेली बँक ऑफ बॉम्बे तीन वर्षांत गुंडाळावी लागली. लोकांना बुडवतात ते उधारीचे वायदे, बेजबाबदार कर्ज आणि बिनहिशेबी मध्यस्थ. खाली मालमत्ता असली काय नि नसली काय, ही तीन कारणं तीच राहतात. १८७५ मध्ये दलालांची संघटना झाली आणि तिच्यातून पुढे शेअर बाजार उभा राहिला. शेअर ही चीजच वाईट, असा निष्कर्ष तेव्हा काढला असता तर?

मग सरळ बंदीच का नको? सुभाषचंद्र गर्ग समितीने २०१९ मध्ये तेच सुचवलं होतं, दहा वर्षांपर्यंतच्या कैदेसह. २०२१ मध्ये विधेयक अधिवेशनाच्या यादीत दोनदा आलं आणि एकदाही मांडलं गेलं नाही. चीनने त्याच वर्षी बंदी घातली, आणि इंटरनेट व भांडवल दोन्ही मुठीत असलेल्या राजवटीला ती बरीचशी राबवताही येते, हे मी मान्य करतो. आपल्याला ते जमेल का, याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सोन्यावर नियंत्रण आणलं, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला मनाई झाली आणि सोनारांच्या आळ्या ओस पडल्या. १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसाला सोन्याची बिस्किटं आणि नाणी बाळगायलाही बंदी केली. हेतू उदात्त होता: परकी चलन वाचवायचं, लोकांचं सोन्याचं वेड कमी करायचं. वेड रतीभरही कमी झालं नाही. दुबईहून गलबतं निघाली, कोकणच्या खाड्यांत माल उतरू लागला, त्या मालावर मुंबईची गुन्हेगारी साम्राज्यं पोसली गेली. चोरट्या मालाच्या त्याच वाटांनी १९९३ मध्ये दिघीला आणि शेखाडीला काय उतरलं, हे रायगडकरांना सांगायला नको. हा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द केला तो मधु दंडवते यांनी. समाजवादी अर्थमंत्री, कोकणातल्या राजापूरचे खासदार. सोन्याचं प्रेम त्यांना उतू जात होतं असं कुणी म्हणणार नाही, पण किनाऱ्यावर काय चाललंय ते त्यांच्या मतदारसंघाला ठाऊक होतं. आज सोन्याबाबत सरकार काय करतं? आयात शुल्क घेतं, आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा केला आहे. माणसाने सोनं घ्यावं की नाही हे सरकार सांगत नाही, सोनाराने बावीस कॅरट म्हणून अठरा देऊ नये एवढं बघतं.

फसवणुकीचा मुद्दा बंदीवाले हटकून काढतात आणि पुण्याचं उदाहरण देतात. गेनबिटकॉईन: महिन्याला दहा टक्के, अठरा महिने. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं तोवर देशभर हजारो माणसं अडकली होती. पण त्या योजनेत ब्लॉकचेनचं काय होतं? महिन्याला दहा टक्क्यांचं आमिष आपल्याकडे शेळीपालनाच्या नावाने दाखवून झालंय, सागाच्या झाडांच्या नावाने झालंय. साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे, महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ पासून आहे. या प्रकरणातली खरी नवी गोष्ट नंतर घडली आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली. आरोपींची नाणी त्यांनी परस्पर स्वतःकडे वळवली असा त्यांच्यावर आरोप आहे. न्यायालयात जे ठरायचं ते ठरेल. पण जप्त केलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत उभी राहते, तिला पंचनामा असतो, मुद्देमालाचा क्रमांक असतो. जप्त केलेलं बिटकॉईन कुणाच्या वॉलेटमध्ये जायचं, किल्ल्या किती जणांकडे, सही कुणाची? याची ठरलेली पद्धत हवी, आणि ती ठरवायला क्रिप्टोबद्दल तात्त्विक भूमिका लागत नाही.

क्रिप्टोप्रेमींचं बाक मी विसरलेलो नाही. 'कोड हाच कायदा, नियमन आलं की नवनिर्मिती मेली' असं ते म्हणतात. मे २०२२ मध्ये टेरा आणि लुना या नाण्यांची जोडगोळी काही दिवसांत शून्याकडे गेली तेव्हा कोड त्याला सांगितलं तसंच वागत होता. आणि किल्ली एकदा कंपनीच्या हवाली केली की कोडचं राज्य तिथेच संपतं, मग उरतो तो तुमचा-आमचा विश्वस्ताचा जुना कायदा. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नेमकं हेच सांगितलं: क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून धारण करता येते. प्रकरण वझीरएक्सचंच. अर्जदार महिलेची नाणी चोरीला गेलेल्या प्रकारातली नव्हतीच, तरी सगळ्यांचं नुकसान सगळ्यांत वाटायचं म्हणून तीही अडकली होती. न्यायालयाने तिला अंतरिम संरक्षण दिलं. पण प्रत्येकाने आपापल्या दीड-दोन लाखांसाठी उच्च न्यायालय गाठायचं, ही व्यवस्था म्हणायची का?

याच बाकाच्या कडेला आणखी एक सभ्य मंडळी बसतात: 'ब्लॉकचेन उत्तम, क्रिप्टो वाईट.' सरकारी परिषदांत हे वाक्य हमखास टाळ्या घेतं. नाणं काढून टाकलं की अनोळखी लोकांनी वही सांभाळायचं कारणच जातं, आणि उरते ती ठरावीक संस्थांनी मिळून ठेवलेली नोंदवही. तिचा उपयोग असतो, पण जादू नसते. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने सौदापूर्तीची यंत्रणा ब्लॉकचेनवर न्यायचा प्रयत्न वर्षानुवर्षं केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत धरून सोडून दिला. गडचिरोलीत एटापल्ली उपविभागातले जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये हाती घेतला गेला. नंतर कुणी दाखल्यात फेरफार केला तर तो पकडता येईल, हे खरंच. पण मूळ दाखला मिळवताना आदिवासी माणसाला किती खेटे घालावे लागले, किंवा मूळ नोंदच खोटी होती का, हे साखळीला कळत नाही. ती जे आत घातलं ते जसंच्या तसं जपते, चूकसुद्धा.

एका बाबतीत मात्र मी रिझर्व्ह बँकेच्या बाकावर जाऊन बसतो. डॉलरला बांधलेली नाणी, म्हणजे यूएसडीटीसारखे स्टेबलकॉईन, हा बिटकॉईनपेक्षा अगदी वेगळा प्राणी आहे. बिटकॉईनने कुणी भाजी घेणार नाही, भाव असा उड्या मारतो की घेणारा आणि विकणारा दोघेही घाबरतील. एल साल्वादोरने २०२१ मध्ये त्याला कायदेशीर चलन केलं आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटीपोटी २०२५ मध्ये स्वीकाराची सक्ती काढून टाकली. स्टेबलकॉईनचा भाव उडत नाही, म्हणून तो धोकादायक. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यासाठी कायदा केला आणि डॉलरची ही नवी निर्यात अधिकृत झाली. उद्या दुबईतला मराठी माणूस साताऱ्याला पैसे पाठवताना रुपयांऐवजी डॉलरचं टोकन पाठवू लागला आणि साताऱ्यातल्या घराने ते तसंच ठेवलं, तर व्याजदर ठरवणाऱ्या बँकेच्या हातात काय राहील? इथे विदेशी चलनाला लावतो तोच कठोरपणा हवा. पण आपल्या प्राप्तिकर कायद्याने बिटकॉईन, स्टेबलकॉईन आणि माकडाचं चित्र असलेलं एनएफटी, सगळ्यांना 'आभासी डिजिटल मालमत्ता' या एकाच पोत्यात भरलं आहे. पोतं एकच असलं की रिझर्व्ह बँकेची स्टेबलकॉईनबद्दलची रास्त भीती एक्स्चेंजच्या साध्या नियमांनाही अडवून धरते, आणि सध्या तेच चाललं आहे.

राहिला प्रश्न नियामक कोण. सेबीने या कामाची अनेक नियामकांत वाटणी करण्याची कल्पना मांडल्याच्या बातम्या मे २०२४ मध्ये आल्या होत्या. ऐकायला हे समंजस वाटतं. मला मात्र एनएसईएल आठवतं. मुंबईतलं हे वस्तूंचं स्पॉट एक्स्चेंज. २००७ च्या एका अधिसूचनेने त्याच्या एकदिवसीय सौद्यांना वायदे कायद्यातून सूट मिळाली होती. त्यामुळे वायदे बाजार आयोगाच्या हातात ते नीट येईना, ग्राहक व्यवहार मंत्रालय रोजच्या देखरेखीला बसलेलं नाही, आणि सेबीचा संबंध नाही. गोदामात माल आहे असं सगळे धरून चालले होते. ३१ जुलै २०१३ ला सौदे थांबले तेव्हा सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले आणि गोदामांत जो माल असायला हवा होता तो नव्हता. साखर आणि एरंडी या काही आभासी वस्तू नव्हेत. तिथे तंत्रज्ञान नवं नव्हतं, वस्तूच्या मुळाशी वस्तूच होती. फक्त गोदाम उघडून बघायची जबाबदारी नेमकी कुणाची, ते ठरलेलं नव्हतं. वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला तो २०१५ च्या सप्टेंबरात, लोकांचे पैसे गेल्यावर.

म्हणून एक्स्चेंज आणि तिजोरी सेबीकडे, स्टेबलकॉईन आणि सीमापार पैसा रिझर्व्ह बँकेकडे, अशी एक रेघ मारून मोकळं व्हावं. भारतीय ग्राहक घेणाऱ्या कंपनीची मालमत्ता भारतीय न्यायालयाच्या टप्प्यात असावी, ग्राहकांची नाणी कंपनीच्या देण्याघेण्यापासून तोडलेली असावीत, बाहेरच्या लेखापरीक्षकाने ती मोजावीत. टीडीएसचा दर इतका खाली आणावा की व्यवहाराचा माग राहील आणि माणूस परदेशी ॲपकडे पळणार नाही. यातलं काहीही जगात पहिल्यांदा होणारं नाही. युरोपीय महासंघाचा क्रिप्टोसाठीचा सर्वंकष कायदा डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. नाणेनिधी आणि वित्तीय स्थैर्य मंडळाचा संयुक्त आराखडा तर २०२३ मध्ये आपल्याच जी-२० अध्यक्षपदाच्या काळात तयार झाला. सरकारची स्वतःची चर्चापत्रिका सप्टेंबर २०२४ पर्यंत येणार असं सांगितलं गेलं होतं. ती तारीख पत्रिकेशिवायच उलटली. त्याच महिन्यात वझीरएक्सचे भारतीय ग्राहक सिंगापूरच्या न्यायालयाने कंपनीला दिलेल्या चार महिन्यांच्या मुदतीचा आदेश वाचत होते.